एक अब्ज सात : मोठी मूळ संख्या स्वतः सिद्ध कशी करायची आणि तिचे गुणधर्म कसे पडताळायचे

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी माझा प्रोग्रॅमिंगचा क्लास असतो. तिथं येणारी मुलं एक संख्या रोज लिहितात : १,००,००,००,००७, म्हणजे एक अब्ज सात. स्पर्धेतल्या गणितात उत्तर फार मोठं झालं की त्याला या संख्येनं भागून उरलेली बाकी द्यायची असते. ती मूळ संख्या आहे हे कशावरून, असं विचारलं की उत्तर येतं, "सगळीकडं तसंच दिलंय की सर." जी मुलं स्वतः तपासायला बसतात ती ठरावीक चार-पाच ठिकाणी चुकतात, आणि चूक आहे हे त्यांना कळतही नाही, कारण शेवटी काहीतरी आकडा येतोच.

म्हणून हे टप्पे लिहून काढतोय. वही-पेन घेऊन वाचा, मधली उत्तरं स्वतः काढून जुळवा. लेखभर एक अब्ज सातला मी 'प' म्हणेन आणि आकडे स्वल्पविराम न देता लिहीन. २^६० म्हणजे २ चा ६० वा घात.

## तयारी : आधी हत्यार तपासा

तुमचा कॅल्क्युलेटर किती अंक खरे दाखवतो हे माहीत नसताना सुरुवात करू नका. ९९९९९९९९९ गुणिले ९९९९९९९९९ करा. खरं उत्तर ९९९९९९९९८००००००००१ आहे, अठरा अंकी. शेवटचा १ दिसला तर पुढं चला. शेवटी नुसती शून्यं आली किंवा मध्ये 'ई' अक्षर आलं, तर तो कॅल्क्युलेटर या कामाचा नाही. एक्सेल तर नाहीच, ते पंधरा अंकांपुढं शून्य भरतं.

इचलकरंजीहून येणारा एक मुलगा दोन दिवस याच कारणानं अडकला होता. "सर, एकानं जास्त येतंय फक्त. एकानं काय होतंय?" त्यानं ७३७४१८१७ चा वर्ग एक्सेलमध्ये केला होता. खरा वर्ग ५४३७८५५५७४४६१४८९, एक्सेलनं शेवटचे दोन अंक ८९ ऐवजी ९० दाखवले. पुढच्या प्रत्येक पायरीला तो एकचा फरक वर्ग होत होत फुगत गेला आणि शेवटच्या उत्तराचा खऱ्या उत्तराशी काही संबंधच उरला नाही. खरं तर नजर टाकताच ओळखता आलं असतं : ७ वर संपणाऱ्या संख्येचा वर्ग ९ वर संपतो, ० वर कधीच नाही.

पायथन असेल तर हा प्रश्न येत नाही, त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो. तरी पहिल्या दोन-तीन पायऱ्या हातानं करा.

## टप्पा १ : कुठपर्यंत भागायचं ते ठरवा

संयुक्त संख्येचा एखादा मूळ विभाजक तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. तेव्हा तेवढ्यापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. त्यापुढं जायची गरज नाही, पण त्याआधी थांबायचीही मुभा नाही. दुसरी चूक जास्त होते.

सरावाला आपल्या शहराच्या पिनकोडाजवळची संख्या घ्या : ४१६०२१. वर्गमूळ ६४५ हून जरासं कमी. म्हणजे ६४४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या, त्या ११७ आहेत. बहुतेक जण शंभरेक झाल्या की कंटाळून "मूळ" असं लिहितात. पण ४१६०२१ = ६४३ × ६४७. तिचा सगळ्यात लहान विभाजक हा यादीतला अगदी शेवटचा, एकशे सतरावा आहे. ११६ भागाकार बरोबर करून उत्तर चूक!

हीच संख्या एका ओळीतही फुटते. ६४५ चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४ वजा केले की ४१६०२१. म्हणजे ६४५² − २², म्हणजे (६४५ − २)(६४५ + २). म्हणून भागाकाराला बसण्यापूर्वी नेहमी पाहा : वर्गमुळाच्या लगेच वरच्या पूर्णांकाचा वर्ग घ्या, त्यातून आपली संख्या वजा करा, उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का?

आता प. ३१६२२ चा वर्ग ९९९९५०८८४, आणि ३१६२३ चा १००००१४१२९. हातानं लिहिताना शून्यं मोजायची सवय इथूनच लावा. हा वर्ग प पेक्षा मोठा आहे, म्हणून मर्यादा ३१६२२. तिथपर्यंत ३४०१ मूळ संख्या आहेत. संगणकाला हे काम काहीच नाही, माणसाला मात्र महिनाभराचं. टप्पा ५ मध्ये याला पर्याय आहे.

पडताळणी : मर्यादा म्हणून निवडलेल्या आकड्याचा वर्ग संख्येपेक्षा मोठा नसावा, आणि पुढच्या आकड्याचा वर्ग मोठा असावा. दोन्ही वर्ग वहीत लिहा.

## टप्पा २ : सोपे विभाजक उडवा

२, ३, ५ च्या कसोट्या शाळेतल्याच. ७, ११ आणि १३ साठी मात्र प्रत्येकाचा वेगळा नियम पाठ करू नका. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून तिघांची कसोटी एकदमच होते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एक गट अधिक, पुढचा वजा, असे मिळवत जा. आलेल्या लहान आकड्याला ७, ११, १३ पैकी ज्यानं भाग जातो त्यानंच दिलेल्या संख्येलाही जातो.

पिनकोडाच्या आसपास हे छान दिसतं.

- ४१६००३ : ३ − ४१६ = −४१३, म्हणजे ७ × ५९. सातनं भाग जातो.
- ४१६००९ : ९ − ४१६ = −४०७, म्हणजे ११ × ३७. अकरानं जातो.
- ४१६०१३ : १३ − ४१६ = −४०३, म्हणजे १३ × ३१. तेरानं जातो.
- ४१६०११ : ११ − ४१६ = −४०५. तिघांपैकी कुणानंच जात नाही.

यातली ४१६०११ खरोखर मूळ आहे, पण ते या टप्प्यावर म्हणता येत नाही. शहराचा मुख्य पिनकोड ४१६००१ घेतलात तर अंकांची बेरीज १२, म्हणून तीननं जातो. पूर्ण अवयव ३ × २३ × ६०२९.

प साठी गट : ००७, ०००, ०००, १. म्हणजे ७ − ० + ० − १ = ६. सहाला ७, ११, १३ कुणानंच भाग जात नाही. अंकांची बेरीज ८, म्हणून ३ नं जात नाही. ही शेवटची गोष्ट वहीत चौकटीत लिहा, टप्पा ५ मध्ये पुराव्याचा अर्धा भाग तीच आहे.

सावधान : "६ च्या पाढ्याच्या एकनं मागं किंवा पुढं आहे, म्हणजे मूळ" असं वहीत लिहिलेलं मी दरवर्षी पाहतो. २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्या तशी असते हे खरं, पण तशी असलेली प्रत्येक संख्या मूळ नसते. २५ पाहा, ३५ पाहा. ही चाळणी आहे, पुरावा नाही.

## टप्पा ३ : मोठ्या घाताची बाकी काढा

फर्माचा नियम असा : प मूळ असेल आणि पायाला प नं भाग जात नसेल, तर पायाच्या (प − १) व्या घाताला प नं भागल्यावर बाकी १ उरते. आपल्याला २^१००००००००६ ची बाकी हवी आहे. एवढा घात कुणी पूर्ण काढत नाही. दर पायरीला वर्ग करायचा आणि लगेच बाकीवर आणायचं.

३ क. शिडी लिहा. घातांक निम्मा करत खाली या, अपूर्णांक सोडून द्या : १००००००००६, ५०००००००३, मग पंचवीस कोटी एक, असं. वहीत शून्यं मोजताना हमखास चूक होते. तीन-तीन अंकांत तोडून लिहा : २५० ००० ००१. अशा आकड्यांना मी पुढं जागा सोडूनच लिहीन. शिडीच्या तळाकडं येता येता ११९, ५९, २९, १४, ७, ३, १ असे आकडे येतात. एकूण ३० आकडे, त्यातले १५ विषम. तुमच्या शिडीत इतकेच यायला हवेत.

आता खालून वर चढा. प्रत्येक पायरीला वर्ग करा, आणि वरचा आकडा विषम असेल तर दुप्पटही करा. २^२९ = ५३६८७०९१२, हा प पेक्षा लहान, म्हणून २९ पर्यंत फुकट पोचता येतं.

३ ख. बाकी काढायची युक्ती. मुलं इथं लांबलचक भागाकार करत बसतात आणि चुकतात. प म्हणजे एक अब्ज अधिक ७. म्हणजे प नं भागताना एक अब्जाची किंमत −७ एवढी. तेव्हा मोठ्या गुणाकाराचे उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढा, डावीकडं उरलेला भाग ७ नं गुणा आणि त्या नऊ अंकांतून वजा करा. भागाकार लागतच नाही.

करून पाहू. २^३० = १०७३७४१८२४, त्यातून प वजा केला की ७३७४१८१७. आता २^६० हवा :

७३७४१८१७² = ५४३७८५५५७४४६१४८९
डावा भाग ५४३७८५५, उजवे नऊ अंक ५७४४६१४८९
७ × ५४३७८५५ = ३८०६४९८५
५७४४६१४८९ − ३८०६४९८५ = ५३६३९६५०४

म्हणून २^६० ची बाकी ५३६३९६५०४, आणि शिडीवर हवा असलेला २^५९ याच्या निम्मा, २६८१९८२५२.

पुढची पायरी ११९, विषम. म्हणून वर्ग आणि दुप्पट :

२६८१९८२५२² = ७१९३०३०२३७५८५५५०४
डावा भाग ७१९३०३०२, उजवे नऊ अंक ३७५८५५५०४
७ × ७१९३०३०२ = ५०३५१२११४
वजाबाकी −१२७६५६६१०. ऋण आली, म्हणून प मिळवा : ८७२३४३३९७
दुप्पट १७४४६८६७९४, प वजा केला : ७४४६८६७८७

ही २^११९ ची बाकी. असेच वर चढत गेलात की शेवटी १ यायला हवा.

पडताळणी : प्रत्येक वर्गाला नऊची कसोटी लावा. २६८१९८२५२ च्या अंकांची बेरीज ४३, म्हणजे ७. सातचा वर्ग ४९, म्हणजे १३, म्हणजे ४. वर्गाच्या अंकांची बेरीज ६७, म्हणजे १३, म्हणजे ४. जुळलं. दोन अंकांची अदलाबदल मात्र या कसोटीत सापडत नाही, म्हणून शेवटचा अंकही वेगळा पाहा.

सावधान : उजवे नऊ अंक तोडताना ते शून्यानं सुरू होऊ शकतात. ०२४९६०००० हे नऊ अंक आहेत. पुढचं शून्य सोडून दिलंत आणि नऊ भरायला डावीकडचा एक अंक ओढून घेतलात, तर सगळं चुकतं.

## टप्पा ४ : १ आला, पण लगेच "मूळ" म्हणू नका

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. फर्माचा नियम एका दिशेनं चालतो. मूळ असेल तर १ येतो, पण १ आला म्हणजे मूळच असं नाही.

३४१ घ्या. २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून २^१० ची बाकी १, म्हणून २^३४० चीही १. आणि ३४१ = ११ × ३१. ५६१ तर आणखी फसवी : ३ × ११ × १७, पण तिच्याशी सहमूळ असलेला कुठलाही पाया घेतला तरी १ च येतो.

म्हणून मिलर-रॅबिन चाचणी करा. ती फर्मापेक्षा वेगळी मेहनत मागत नाही, फक्त शेवटून एक-दोन पायऱ्या आधी थांबून पाहायला सांगते. संख्येतून एक वजा करा आणि त्यातले सगळे २ बाहेर काढा, विषम भाग उरेल. पायाचा त्या विषम भागाएवढा घात काढा. बाकी १ किंवा −१ (म्हणजे त्या संख्येहून एकनं कमी) आली तर पास. नाहीतर वर्ग करत वर जा, वाटेत −१ भेटला तर पास. −१ न भेटता थेट १ आला, किंवा (संख्या − १) पर्यंतच्या पायऱ्या संपल्या, तर संख्या संयुक्त.

३४१ वर लावा. ३४० = ४ × ८५. २^८५ ची बाकी २^५ एवढीच, म्हणजे ३२. तो १ नाही, −१ ही नाही. वर्ग केला : १०२४, बाकी १. मूळ संख्येच्या दुनियेत वर्ग करून १ देणारे दोनच आकडे असतात, १ आणि −१. इथं ३२ नं ते काम केलं, म्हणजे संख्या संयुक्त. शिवाय ३२ − १ = ३१ आणि ३४१ यांचा मसावि काढा : ३१. विभाजकही हाती आला.

एकाच पायावर थांबू नका. २०४७ = २३ × ८९ ही पाया २ ला मिलर-रॅबिनमध्येही पास होते. पण ३२१५०३१७५१ पेक्षा लहान संख्येसाठी २, ३, ५, ७ हे चारच पाये पुरतात. तेवढ्या टापूत चारही पास झालेली संयुक्त संख्या एकही नाही, म्हणून तिथं ही चाचणी नुसता अंदाज राहत नाही, पुरावा होते. प या टापूत बसतो. ६४ बिटांत मावणाऱ्या कुठल्याही संख्येसाठी ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पाये म्हणून घेतल्या की पुरे.

प − १ = २ × ५०० ००० ००३. एकच २ बाहेर निघतो, म्हणून प्रत्येक पायाचा एकच घात पाहायचा. पाया २, ३ आणि ७ साठी बाकी १ येते. पाया ५ साठी −१, म्हणजे १००००००००६. तुमची उत्तरं याच क्रमानं जुळवा. पाया ५ ला मोठा आकडा दिसला की "नापास" लिहून पुढं जाणारे बरेच आहेत. प − १ आणि −१ एकच.

## टप्पा ५ : कागदावरचा पक्का पुरावा

मला सगळ्यात आवडतो तो हा टप्पा, कारण यात ३४०१ भागाकारांचं काम ७६ भागाकारांवर येतं आणि कुणाच्या तयार यादीवर विसंबावं लागत नाही. पद्धत पॉकलिंग्टनची.

५ क. ५०० ००० ००३ ला 'फ' म्हणा, आणि तो मूळ आहे असं तूर्त धरा. २^(प−१) ची बाकी १ हे टप्पा ३ मध्ये मिळालं. समजा प संयुक्त आहे. मग त्याला ३१६२२ किंवा त्याहून लहान असा एक मूळ विभाजक असणार, त्याला 'र' म्हणू. र नं भागताना २ चा कितवा घात पहिल्यांदा १ देतो ते पाहा. तो घातांक प − १ ला, म्हणजे २ × फ ला, भागतो. त्यात फ हा अवयव नसेल तर तो १ किंवा २ असणार, म्हणजे र नं २² − १ = ३ ला भाग जाणार, म्हणजे र = ३. पण प ला तीननं भाग जात नाही, चौकट आठवा. म्हणून त्या घातांकात फ आहे. तो घातांक र − १ ला भागतो, म्हणजे र हा पन्नास कोटींहून मोठा. आणि आपण तर त्याला ३१६२२ च्या आत धरलं होतं. दोन्ही एकदम शक्य नाही, म्हणून प मूळ.

५ ख. आता फ मूळ आहे हे दाखवायचं. फ − १ = २ × ४१² × १४८७२१. फ चं वर्गमूळ २२३६० च्या पुढं थोडं, आणि १४८७२१ त्याहून मोठा, म्हणून तीच युक्ती पुन्हा चालते. दोन गोष्टी लागतात : २^(फ−१) ची बाकी १ हवी, आणि २^३३६२ मधून १ वजा करून फ शी मसावि काढला तर तो १ हवा. ३३६२ म्हणजे २ × ४१².

फ नं भागताना एक अब्जाची किंमत −६, कारण एक अब्ज = २ × फ − ६. म्हणजे सातच्या जागी सहा, बाकी रीत तीच. शिडी : ३३६२, १६८१, ८४०, ४२०, २१०, १०५, ५२, २६. २^२६ = ६७१०८८६४, इथून सात वर्ग.

६७१०८८६४² = ४५०३५९९६२७३७०४९६
६२७३७०४९६ − ६ × ४५०३५९९ = ६००३४८९०२
फ वजा केला : १००३४८८९९

ही २^५२ ची बाकी. शेवटी २^३३६२ ची बाकी २३३८५८०५७ येते. एक वजा करा आणि फ शी मसावि काढा : १.

मधे कुठं बाकी पन्नास कोटींच्या निम्म्याहून मोठी आली तर तिच्यातून फ वजा करून ऋण रूपाचा वर्ग करा. आकडा लहान राहतो, वर्ग तोच येतो.

५ ग. उरला १४८७२१. ३८५ चा वर्ग १४८२२५, ३८६ चा १४८९९६. ३८५ पर्यंतच्या ७६ मूळ संख्यांनी भागा. कुणानंच जात नाही. साखळी पूर्ण : १४८७२१ मूळ, म्हणून फ मूळ, म्हणून प मूळ.

सावधान : साखळी वरून खाली लिहिली तरी ती खरी ठरते खालून वर. तळाच्या भागाकारात एक मूळ संख्या राहून गेली तर वरचं सगळं अधांतरी. यादीत ७६ आकडे आहेत का ते मोजा, पहिला २ आणि शेवटचा ३८३.

## टप्पा ६ : गुणधर्म, एकेक करून

आता जे सांगतोय ते प मूळ आहे म्हणूनच खरं आहे.

दहा अंकी सगळ्यात लहान मूळ संख्या. एक अब्ज एक : गटांची वजाबाकी शून्य, म्हणून ७, ११, १३ तिघांनी भाग जातो. एक अब्ज तीन = २३ × ४३४७८२६१. एक अब्ज पाच पाचनं जातो. पुढचा विषम प. एक अब्ज नऊ ही सुद्धा मूळ आहे, म्हणजे ही जोडमूळ संख्यांची जोडी.

व्यस्त. मूळ संख्येनं भागून बाकी घेण्याच्या गणितात शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त असतो, म्हणजे ज्यानं गुणलं की बाकी १ उरते असा आकडा, आणि तो (प − २) वा घात काढून मिळतो. लहान आकड्यांना त्याचीही गरज नाही. प + १ = १००००००००८, याला २, ३, ७, ८, ९ सगळ्यांनी भाग जातो. म्हणून २ चा व्यस्त ५०० ००० ००४, ३ चा ३३३ ३३३ ३३६, ७ चा १४२ ८५७ १४४.

हे वापरायचं कुठं? बाकीचा भागाकार करताना. २^३० ची बाकी ७३७४१८१७, विषम. तिचा निम्मा मागितला तर मुलं अपूर्णांक सोडून ३६८७०९०८ लिहितात. चूक. ५०० ००० ००४ नं गुणा आणि बाकी काढा : ५३६८७०९१२, म्हणजे बरोबर २^२९.

घातांकाची बाकी. घातांक छोटा करताना प नं भागू नका, प − १ नं भागा. २^प ची बाकी २ आहे. घातांकाला प नं भागलंत तर २^० होऊन १ येईल. हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

वर्गमूळ. प ला ४ नं भागल्यास बाकी ३. त्यामुळं दोन पूर्ण वर्गांची बेरीज करून प कधीच मिळत नाही. दुसरा फायदा असा की ज्या आकड्याला वर्गमूळ आहे (म्हणजे ज्याच्या वर्गाला प नं भागल्यावर तोच आकडा बाकी उरतो अशी संख्या आहे) त्याचं ते (प + १)/४ वा, म्हणजे २५० ००० ००२ वा, घात काढला की मिळतं. २ चं वर्गमूळ ५९७१३६०० आणि ९४०२८६४०७. पहिलं हातानं पाहा :

५९७१३६००² = ३५६५७१४०२४९६००००
डावा भाग ३५६५७१४, सातपट २४९५९९९८
उजवे नऊ अंक ०२४९६००००
२४९६०००० − २४९५९९९८ = २

फळ्यावर हा २ उरला की वर्गातली कुजबुज थांबते. शून्यानं सुरू होणारे नऊ अंक इथंच भेटतात, म्हणून मघाशी बजावलं होतं.

सावधान : ५ ला वर्गमूळच नाही. टप्पा ४ मध्ये त्याची बाकी −१ आली होती, ती याचीच खूण. आधी ती खूण तपासा, मग सूत्र वापरा. सूत्र पाचलाही एक आकडा देईल, पण त्याचा वर्ग ५ येणार नाही.

आवर्तन. प − १ चे विभाजक चारच : १, २, फ आणि स्वतः. १० चा फ वा घात काढला तर −१ येतो, आणि १०² म्हणजे १०० ही १ नाही. म्हणून १० चा पहिल्यांदा १ देणारा घात थेट प − १. याचा अर्थ १ ला प नं भागून दशांशात लिहायला बसलात तर अंक १००००००००६ जागांनंतरच पहिल्यापासून पुन्हा सुरू होतात. त्याहून लांब आवर्तन या भाजकाला शक्यच नाही.

## टप्पा ७ : प्रोग्रॅम लिहिताना

पायथनच्या पॉव फंक्शनला तीन आकडे द्या : पाया, घातांक, भाजक. आधी घात काढून मग बाकी काढलीत तर मशीन लटकेल.

सी प्लस प्लसमध्ये दोन बाक्यांची बेरीज साध्या इंटमध्ये (नेहमीच्या पूर्णांक-प्रकारात) मावते, जास्तीत जास्त २०००००००१२, आणि इंटची मर्यादा २१४७४८३६४७. गुणाकार मात्र मावत नाही. तो करण्यापूर्वीच दोन्हींपैकी एक आकडा लाँग लाँग (त्याहून मोठा पूर्णांक-प्रकार) करा. गुणाकार झाल्यावर रूप बदलून उपयोग नाही, तोवर अंक गेलेले असतात.

वजाबाकीनंतर बाकी ऋण येऊ शकते. प मिळवा, पुन्हा बाकी काढा.

भागून पाहण्याच्या लूपमध्ये "आय गुणिले आय" (आय म्हणजे ज्यानं भागून पाहतोय तो आकडा) हाही लाँग लाँगच ठेवा. प साठी इंट चालतो, कारण आय ३१६२२ वर थांबतो. पण तोच प्रोग्रॅम २१४७४८३६४७ वर चालवलात तर ४६३४१ चा वर्ग इंटबाहेर जातो आणि थांबण्याची अट बिघडते.

प्रोग्रॅम झाला की या पाच संख्या द्या : ३४१, ५६१, २०४७, ४१६०२१, ४१६०११. पहिल्या चारांना "संयुक्त" आणि शेवटच्या एकीला "मूळ" असं उत्तर आलं, तरच त्याला एक अब्ज सात विचारा.